पाकिटात गेलेलं मत

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी लीनाबाई टिपणीसांनी फिकट हिरवी सुती साडी कपाटातून काढून इस्त्रीला घेतली, तेव्हा त्यांचे यजमान शरच्चंद्र वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "उद्या कुणाच्या लग्नाला जायचंय का?"

"मतदानाला."

"ते एकच झालं. तिथंही नवरदेव आधीच ठरलेला असतो."

त्यांची मुलगी आभा खुदकन हसली. ती डमडमला राहायची, एका आयटी कंपनीत कामाला होती आणि आठवड्यातून एकदा आईबाबांकडे बालीगंजला जेवायला यायची. जन्म कोलकात्यातला, शाळा बंगाली मुलींबरोबर, त्यामुळे तिचं मराठी घरापुरतं आणि लिंगांच्या बाबतीत जरा डळमळीत.

"बाबा बरोबर बोलतात, आई. माझ्या ऑफिसात तर कोणीच जात नाही. सुट्टी मिळते, लोक समुद्रावर दीघाला जातात. माझा एक मत काय फरक पाडणार?"

"माझं एक मत," लीनाबाईंनी इस्त्री फिरवता फिरवता दुरुस्ती केली.

"तेच ते. पैसे वाटतात, धमक्या देतात, दुपारनंतर बूथ ताब्यात घेतात. सगळ्यांना माहीत आहे. मग तू ऊन खात रांगेत उभी राहून त्यांचा खेळ खरा आहे असं दाखवतेस. न जाणं हाच जास्त प्रामाणिकपणा नाही का?"

मुलीचं म्हणणं अगदीच मोडीत काढण्यासारखं नाही हे लीनाबाईंना कळत होतं. त्यांनी साडीची घडी घातली, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि म्हणाल्या, "असेल. पण मी जाणार."

एवढंच. ज्याला त्यांचा स्वभाव ठाऊक होता, त्याला पुढं बोलण्यात अर्थ नाही हेही ठाऊक होतं.

शरच्चंद्र केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला होते. चौऱ्याऐंशी साली त्यांची बदली कोलकात्याला झाली. तीन वर्षांसाठी म्हणून आलेलं हे जोडपं चाळीस वर्षं इथंच राहिलं, आणि त्याला कारण लीनाबाई. आल्यावर पहिल्या चार महिन्यांत त्या बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बंगाली अक्षरं शिकल्या. पुढं एका मुलींच्या शाळेत त्यांना ग्रंथपालाची नोकरी मिळाली, ती त्यांनी बावीस वर्षं केली. बंगाली अजूनही पुणेरी ठसक्यात बोलायच्या, पण मासळीवाल्यापासून मुख्याध्यापिकेपर्यंत कुणाचं त्यामुळं अडलं नाही. सही मात्र पहिल्यापासून देवनागरीत. बँकेत, शाळेत, पेन्शनच्या कागदावर, सगळीकडे 'लीना श. टिपणीस'. आवाज चढवून बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. पण एकदा बसल्या की काम झाल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. इमारतीच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, ते बसवून घ्यायला त्या मालकाच्या बैठकीत सलग सात दिवस, रोज संध्याकाळी पाच वाजता, विणकाम घेऊन जाऊन बसल्या होत्या. आठव्या दिवशी झाकण आलं.

शरच्चंद्रांना बायकोच्या या चिकाटीचं कौतुक होतं, आणि थोडी भीतीही होती. ते स्वतः मात्र गेली पंचवीस-सव्वीस वर्षं मत द्यायला गेले नव्हते. कधी गुडघा दुखायचा, कधी ऊन जास्त असायचं, कधी नुसतीच थट्टा. लीनाबाईंनी पहिल्या एकदोन वेळा विचारलं, मग सोडून दिलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेनऊला त्या निघाल्या. मतदान केंद्र दोन गल्ल्या पलीकडच्या शाळेत होतं. तासाभरात यायला हव्या होत्या. अकरा वाजले, साडेअकरा झाले. मोबाइल आत नेता येत नाही म्हणून तो त्यांनी घरीच ठेवला होता. पावणेबाराला खालच्या मजल्यावरच्या मिनतीदी घाम पुसत वर आल्या. या सत्तरीतल्या बंगाली विधवा बाई लीनाबाईंबरोबरच गेल्या होत्या.

"तुमची बायको तिथं बसून आहे," त्या दारातूनच म्हणाल्या.

"बसून आहे म्हणजे? चक्कर आली का?"

"चक्कर कसली! तिचं मत आधीच कुणीतरी देऊन टाकलंय. ते लोक म्हणतात घरी जा. ती म्हणते मत दिल्याशिवाय जाणार नाही. बाकावर बसलीय पर्स मांडीवर घेऊन."

शरच्चंद्र पायजम्यावरच निघाले, दारात थांबले, परत आत आले. मतदान खोलीत वाटेल त्याला सोडत नाहीत. मतदार म्हणून रांगेतूनच जावं लागतं. त्यांनी देवघराखालचा खण उपसला. जुन्या वीजबिलांच्या तळाशी त्यांचं मतदार ओळखपत्र सापडलं. फोटोतल्या माणसाचे केस काळे होते.

पुरुषांची रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. समोर चारपाच पोरं मोटारसायकलींवर रेलून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळत होती. रांगेत कुणी फारसं बोलत नव्हतं. आणि त्या भिंतीलगतच्या रांगेत, डोक्यावर रुमाल टाकून उभं असताना, शरच्चंद्रांना जे पंचवीस वर्षं आठवायचं नव्हतं ते आठवायला लागलं.

नोकरीत असताना त्यांना चार वेळा निवडणुकीच्या कामावर जावं लागलं होतं, मतदान केंद्राध्यक्ष म्हणून. तीन वेळा सगळं सुरळीत झालं. चौथ्या वेळी शहराबाहेरच्या एका गावात, अशाच एका शाळेत, दुपारी एक वाजता सहा माणसं आत आली. तेव्हा यंत्रं नव्हती, कागदी मतपत्रिका होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं. शिवीगाळ नाही, मारहाण नाही. त्यांच्यातल्या एकानं शहाळं सोलून शरच्चंद्रांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, दमलात. जरा विश्रांती घ्या." पाऊण तास शिक्के मारल्याचा आवाज येत होता. शरच्चंद्रांनी टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत तो पाऊण तास काढला. पोलीस बाहेर झाडाखाली होता. घरी बायको होती, सहा-सात वर्षांची मुलगी होती.

ती माणसं गेल्यावर एक म्हातारी आली. हातात मतदाराची चिठ्ठी. कारकुनानं सांगितलं, आजी, तुझं मत झालंय. ती फक्त टेबलापाशी उभी राहिली, कितीतरी वेळ, साहेब वर बघेल म्हणून. साहेबांनी वर बघितलं नाही. संध्याकाळी त्यांनी अहवालात लिहिलं, 'मतदान शांततेत पार पडले', आणि खाली सही केली.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. लीनाबाईंनाही नाही.

एक वाजायला आला तेव्हा त्यांचा नंबर लागला आणि ते खोलीत शिरले. लहान मुलांच्या बुटक्या बाकावर लीनाबाई पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. साडीची इस्त्री अजून मोडली नव्हती. नवऱ्याला बघून त्यांच्या भुवया जरा वर गेल्या.

"अहो, तुम्ही कशाला आलात उन्हाचे? जेवलात का?"

केंद्राध्यक्ष तिशीतला तरुण होता, शर्ट पाठीला चिकटलेला. शेजारच्या खुर्चीत गळ्यात बिल्ला घातलेला पक्षाचा माणूस पाय पसरून बसला होता. म्हातारे यजमान आलेले पाहून केंद्राध्यक्षाच्या जिवात जीव आला. "काकाबाबू, तुम्ही तरी यांना समजवा. यांच्या नावावर मत पडलंय. यंत्र दुसरं मत घेत नाही. मी काय करू?"

"मी यंत्र मागतच नाहीये," लीनाबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्यानं माझ्या नावावर मत दिलं तर मला कागदावर मत देता येतं, असं मी वाचलंय. हे म्हणतात असं काही नसतंच. माझ्या बोटाला शाई नाही, बघा. आणि ही नोंदवहीतली सही बघा. बंगालीत आहे! मी जन्मात कधी बंगालीत सही केलेली नाही."

"माशिमा, किती वेळ तेच तेच?" बिल्लेवाला म्हणाला. "ऊन वाढतंय. घरी जा, पंखा लावून पडा."

"मला घाई नाही," लीनाबाई म्हणाल्या. "सहा वाजेपर्यंत वेळ आहे ना मतदानाची?"

शरच्चंद्र घरून निघाले होते ते बायकोला घेऊन जायला. 'चल, लीना, पुरे झालं' हे वाक्य त्यांनी रांगेतच तयार ठेवलं होतं. त्यांनी केंद्राध्यक्षाकडे पाहिलं. तो तरुण टेबलाकडे बघत होता. कुणाकडेच न बघता, नुसता टेबलाकडे.

"असतं," शरच्चंद्र म्हणाले.

"काय असतं?"

"कागदी मत. प्रदत्त मत म्हणतात त्याला. तुम्हाला जे सामान मिळालंय त्यात एका पाकिटात वीस मतपत्रिका आहेत. पाठीमागे शिक्का असलेल्या. त्याच्याबरोबर यादीचा एक नमुना आहे, त्यावर यांची सही घ्यायची. यांनी मत दिलं की कागद वेगळ्या पाकिटात घालून सील करायचा."

"दादू, उगाच रांग अडवू नका," बिल्लेवाला खुर्चीतून उठला. "बाहेर माणसं उन्हात आहेत."

"मग लवकर पाकीट उघडायला सांगा यांना," शरच्चंद्र म्हणाले.

केंद्राध्यक्ष हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला कसं ठाऊक हे?"

"तुमच्या खुर्चीवर मी चार वेळा बसलोय. चौथ्या वेळी मी मान वर केली नाही. तुमचं वय काय? तीस? फार वर्षं काढायची आहेत अजून तुम्हाला, साहेब. जड जातात."

रांगेतल्या पहिल्या तिघाचौघांनी माना पुढं काढल्या होत्या. त्यातला एक रिक्षावाला मोठ्यानं म्हणाला, "द्या ना बाबू. म्हातारी सकाळपासून बसलीय."

केंद्राध्यक्षानं खाली वाकून पिशवी ओढली. पाकीट शोधायला त्याला वेळ लागला नाही. कुठं आहे ते त्याला माहीत होतं. मार्गदर्शक पुस्तिका उघडून त्यानं ओळख पटवणारे प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता.

"नवऱ्याचं नाव?"

"हे काय, उभे आहेत," लीनाबाई म्हणाल्या, आणि रांगेत हशा पिकला. केंद्राध्यक्षही हसला. बिल्लेवाला फोन करायला बाहेर निघून गेला.

लीनाबाईंनी देवनागरीत सही केली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं जाऊन शिक्का मारला, कागदाची नीट घडी घालून आणली आणि ती पाकिटात जाईपर्यंत टेबलापाशी उभ्या राहिल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आता आलाच आहात तर तुम्हीही देऊन टाका."

शरच्चंद्रांनी ओळखपत्र पुढं केलं. कारकुनाचं बोट यादीवरून सरकत गेलं आणि थांबलं.

"यांचंही झालंय."

नोंदवहीत लीनाबाईंच्या नावाच्या लगेच खाली, त्याच वळणाच्या अक्षरात, बंगालीत त्यांचंही नाव लिहिलेलं होतं. कुणीतरी सकाळी सकाळी दोघांच्या नावानं जोडीनं मतदान करून गेलं होतं.

शरच्चंद्र त्या सहीकडे बघत राहिले. मत न देऊन आपण निदान या घाणीतून हात बाजूला ठेवले, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती. आपलं मत खणात पडून आहे, ना धड कामाचं ना कुणाच्या हातचं, असं ते धरून चालले होते. मागच्या खेपांना काय झालं असेल ते कळायला मार्ग नव्हता. पण आज तरी ते खणात नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होतं, आणि ते त्यांच्या नावानं चाललं होतं.

"मलाही कागद द्या," ते म्हणाले.

घरी आल्यावर लीनाबाईंनी वरण-भात गरम केला. पहिले चार घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "चौथ्या वेळी मान वर केली नाही, ते काय होतं?"

शरच्चंद्रांनी सांगितलं. शहाळ्यापासून अहवालातल्या सहीपर्यंत सगळं. सांगताना ताटातला भात निवून गेला. 'तुम्ही तरी काय करणार होतात' असं लीनाबाई म्हणतील अशी शरच्चंद्रांना आशा होती. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"त्या बाईचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

"सरलाबाला मंडल," शरच्चंद्र म्हणाले. त्यांना एक क्षणही आठवावं लागलं नाही.

लीनाबाईंनी त्यांच्या ताटातला गार भात काढून घेतला आणि गरम वाढला. "बरं केलंत सांगितलंत," त्या म्हणाल्या. "आजही बरं केलंत."

संध्याकाळी मिनतीदी बातमी घेऊन आल्या. दुपारनंतर रांगेत गोष्ट पसरली होती. ज्यांना ज्यांना 'तुमचं मत झालंय' असं सांगितलं गेलं, त्यांनी पाकिटातला कागद मागितला. मतदान संपेपर्यंत असे नऊ कागद गेले. केंद्राध्यक्षानं प्रत्येकाची नोंद केली. एकालाही परत पाठवलं नाही. मोटारसायकलवाली पोरं अडीच वाजताच निघून गेली होती.

निकाल लागला तो सगळ्यांना अपेक्षित होता तसाच. नवरदेव तोच, मताधिक्यही भरघोस. ती नऊ पाकिटातली मतं मोजली गेली नाहीत. कोर्टानं सांगितल्याशिवाय ती मोजत नाहीत, आणि कोर्टात कुणी गेलं नाही. आभा त्या आठवड्यात जेवायला आली तेव्हा तिनं हे सगळं इंटरनेटवर वाचून आणलं होतं.

"आई, तीन तास तू बसलीस. बाबांना बीपी आहे. आणि तो मत कुणी उघडलासुद्धा नाही! मग काय मिळालं?"

या वेळी लीनाबाईंनी तिची चूक दुरुस्त केली नाही. "तू शाळेत असताना माझ्या ग्रंथालयातून पुस्तकं चोरीला जायची," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिका म्हणायच्या, जाऊ दे, यादीतून नाव काढून टाक, म्हणजे तपासणीत प्रश्न येणार नाही. मी नाव काढायची नाही. समोर लाल शाईनं लिहायची, 'हरवले', आणि तारीख घालायची. बावीस वर्षांत त्यातली फार तर पाच पुस्तकं परत आली असतील. पण नाव काढून टाकलं असतं तर ते पुस्तक कधी होतंच असं कुणाला वाटलं असतं? माझं मत चोरीला गेलं. चोरीला गेलं असं सरकारी कागदावर लिहून घेतलं मी. नऊ जणांनी लिहून घेतलं. आता त्या केंद्रावर मतदान शांततेत पार पडलं असं नुसतं लिहिता येणार नाही कुणाला."

शरच्चंद्रांनी मान खाली घातली, मग पुन्हा वर केली.

"पण बदललं काही नाही," आभा म्हणाली.

"नाही," लीनाबाईंनी कबूल केलं. "तूप वाढू का?"

पुढच्या निवडणुकीच्या आधी दोन महिने शरच्चंद्रांनी एक काम अंगावर घेतलं. संध्याकाळी फिरायला जाण्याऐवजी ते गल्लीतल्या एकेका इमारतीत जाऊ लागले. यादीत नाव आहे का बघा. सकाळी सातलाच जा, जितक्या उशिरा जाल तितकी मत दुसऱ्याचं होण्याची भीती. आणि झालंच तसं, तर काय मागायचं ते हे असं. कुणाला मत द्या हे ते चुकूनही बोलायचे नाहीत. काही दारं तोंडावर बंद झाली. एका संध्याकाळी बिल्लेवाला कोपऱ्यावर भेटला आणि म्हणाला, "दादू, या वयात कशाला दगदग?" शरच्चंद्रांना घरी येईपर्यंत धाप लागली होती. लीनाबाईंनी पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशीपासून विणकाम घेऊन त्यांच्याबरोबर निघाल्या.

मतदानाच्या दिवशी सकाळी पावणेसातला ती दोघं शाळेच्या फाटकाशी पोचली, तेव्हा त्यांच्या आधी एकवीस माणसं उभी होती. मिनतीदी होत्या, रिक्षावाला होता, पलीकडच्या इमारतीतली, कधी रांगेत न दिसणारी मंडळीही होती. सव्वासातला लीनाबाईंनी यंत्राचं बटण दाबलं. शरच्चंद्रांनीही दाबलं. त्या लांबलचक आवाजानं ते दचकले. यंत्रावर मत द्यायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

बाहेर आल्यावर शरच्चंद्र म्हणाले, "निवडून तोच येईल, लीना."

"येऊ दे. या खेपेला आपल्या सहीनं यायचा नाही."

घरी पोचतात तोच फोन वाजला. आभा डमडमहून बोलत होती. मागं गलका ऐकू येत होता.

"आई, मी रांगेत आहे. बाहेरच्या रांगेत, म्हणून फोन आहे. आत जाताना हा शेजारच्या काकूंकडे ठेवणार. माझं अजूनही म्हणणं आहे की काही होणार नाही. फक्त सांगायला फोन केला."

"रांग मोठी आहे का?"

"खूप. दोन तास तरी लागतील."

"पाणी घेतलंस?"

"घेतलं."

"मग उभी राहा," लीनाबाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.